व्होल्टेज आणि करंट मोजून रोध आणि वॅट कसे काढायचे: गीझरपासून विहिरीवरच्या मोटरीपर्यंत

गीझरचं पाणी पूर्वीसारखं लवकर तापत नाही, अशी तक्रार सुरू झाली की दोनच उपाय सुचवले जातात: कॉइल बदला, नाहीतर गीझरच बदला. दोष कॉइलमध्ये आहे, भिंतीतल्या वायरीत आहे की बाहेरून येणाऱ्या पुरवठ्यात, हे मोजून पाहायचं कुणाच्या मनात येत नाही. खरं तर दोन आकडे मोजले की पुरतं, व्होल्टेज आणि करंट. त्यांच्या भागाकारातून रोध, म्हणजे करंटला होणारा विरोध, मिळतो, गुणाकारातून वॅट मिळतात, आणि त्या चार आकड्यांवरून दोषाची जागा बहुतेक वेळा सापडते.

हे गणित शाळेतच झालेलं असतं. तरी उत्तरं चुकतात, कारण भागाकारात घातलेले दोन आकडे एकमेकांचे नसतात. व्होल्टेज सकाळी मोजलेला, करंट संध्याकाळचा. व्होल्टेज मेन बोर्डवरचा, करंट गीझरचा. किंवा दोन्ही आकडे मोजलेलेच नसतात. एक प्लेटवरून उतरवलेला असतो आणि दुसरा २३० धरलेला असतो. म्हणून पुढचं सगळं वाचताना एक नियम सतत डोळ्यांसमोर ठेवा: ज्या वस्तूचा व्होल्टेज, त्याच वस्तूचा करंट, आणि दोन्ही एकाच वेळी, वस्तू चालू असताना.

सूत्रं दोन, बाकीची त्यांतूनच

रोध = व्होल्टेज ÷ करंट. उत्तर ओहममध्ये.
वॅट = व्होल्टेज × करंट.

यांतलं एक सूत्र दुसऱ्यात घातलं की आणखी दोन मिळतात:

वॅट = करंट × करंट × रोध
वॅट = व्होल्टेज × व्होल्टेज ÷ रोध

चारही सूत्रं पाठ करायची गरज नाही. वरची दोन पक्की असली की खालची कागदावर काढता येतात. पण शेवटच्या सूत्रात एक फसगत आहे, ती आत्ताच सांगून ठेवतो. त्यातला व्होल्टेज म्हणजे त्या रोधाच्या दोन टोकांमधला व्होल्टेज, घरात येणारे २३० नव्हेत. अर्ध्या ओहमच्या वायरीत किती वीज जळते हे काढताना कुणी २३० चा वर्ग करून त्याला ०.५ ने भागलं, तर उत्तर लाख वॅटच्या पुढे जातं. त्या वायरीच्या दोन टोकांमध्ये प्रत्यक्षात चार-पाच व्होल्टच असतात. वायरीसाठी नेहमी करंटच्या वर्गाचं सूत्र वापरा, म्हणजे ही चूक होणारच नाही.

हा नियम ज्याच्या नावाने ओळखला जातो तो गेओर्ग ओहम जर्मनीत कोलोनला शाळेत शिकवत होता. त्याचीही पहिली अडचण हीच होती, आकड्यांची जोडी जमवण्याची. त्या काळातल्या बॅटरीचा व्होल्टेज प्रयोग चालू असतानाच घसरायचा, त्यामुळे एका तारेचं मोजमाप दुसऱ्या तारेशी ताडून पाहता येत नसे. मग त्याने बॅटरी सोडून दिली. तांबं आणि बिस्मथ यांचे सांधे घेतले, एक सांधा उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवला, आणि तापमानाच्या त्या फरकातून मिळणारा छोटा पण स्थिर व्होल्टेज वापरला. स्थिर व्होल्टेज मिळाल्यावरच नियम स्पष्ट दिसला. १८२७ मध्ये त्याने तो पुस्तकात मांडला. करंटच्या वर्गाच्या प्रमाणात उष्णता निर्माण होते, हे त्यानंतर १८४० च्या सुमारास इंग्लंडमध्ये जूलने मोजून दाखवलं.

हत्यारं आणि जिवाची काळजी

साधा डिजिटल मल्टिमीटर, एक क्लॅम्प मीटर (वायर न तोडता, जबड्यात धरून करंट मोजणारा), आणि जमलं तर प्लगमध्ये खोचायचा वॅटमीटर. घरगुती वापरासाठी हा तिसरा सगळ्यांत चांगला. भिंतीतला सॉकेट आणि उपकरणाचा प्लग यांच्यामध्ये तो बसतो आणि व्होल्टेज, करंट, वॅट, पॉवर फॅक्टर (व्होल्टेज × करंट या गुणाकारातला किती भाग खरे वॅट आहेत तो आकडा) हे चारही आकडे एकाच जागचे, एकाच क्षणाचे दाखवतो. उघड्या तारेला हात लावावा लागत नाही. घेताना तो १६ अँपिअरचा आहे ना, एवढं पाहा. ६ अँपिअरचा घेतला तर गीझरवर चालणार नाही.

२३० व्होल्टवर काम करताना जिवाचं गणितही याच सूत्राने होतं. कोरड्या कातडीचा रोध बराच असतो, पण हात ओले असले की शरीराचा रोध साधारण १००० ओहमपर्यंत खाली येऊ शकतो. २३० ÷ १००० = ०.२३ अँपिअर, म्हणजे २३० मिलिअँपिअर. माणसाचा जीव घ्यायला एवढा करंट पुरेसा आहे. १६ अँपिअरच्या एमसीबीला (जास्त करंट गेला की आपोआप पडणाऱ्या स्विचला) मात्र त्याचा पत्ताही लागत नाही. तिच्या दृष्टीने हा ६० वॅटच्या एका जुन्या बल्बइतकाही लोड नसतो. म्हणून घरात ३० मिलिअँपिअरवर पडणारा आरसीसीबी, म्हणजे करंट बाहेर गळू लागला की लाइन तोडणारा स्विच, हवाच. तो नसेल तर या लेखातली चालू लाइनवरची मोजमापं स्वतः करू नका. आणि असला तरी बोर्ड उघडून करायची कामं परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. आकडे तुम्ही वहीत उतरवा, हिशेब तुम्ही करा.

मल्टिमीटर वापरताना दोन गोष्टी कधीही विसरू नका. रोध मोजायचा तो उपकरण बंद करून, प्लग काढूनच. ओहमवर ठेवलेला मीटर चालू लाइनला लागला तर मीटर जातो, आणि स्वस्तातला असला तर हातात फुटूही शकतो. दुसरी गोष्ट, लाल वायर १० अँपिअरच्या भोकात असताना व्होल्टेज मोजायला जाऊ नका. करंट मोजताना मीटरचा स्वतःचा रोध जवळजवळ शून्य असतो, त्यामुळे फेज आणि न्यूट्रलमध्ये तो धरणं म्हणजे सरळ शॉर्ट सर्किट. घरातल्या लाइनवर करंट मोजायला क्लॅम्प मीटरच वापरा.

क्लॅम्प मीटरच्या जबड्यात एकच वायर हवी, फेज किंवा न्यूट्रल. गीझरची अख्खी केबल जबड्यात धरली तर शून्य दिसतं, कारण जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना काटतात. त्यासाठी हातभर लांबीची एक एक्स्टेन्शन वायरमनकडून बनवून घ्यावी, जिच्या तीनही वायरी सुट्या असतील आणि प्रत्येकीवरचं आवरण शाबूत असेल. करंट फार कमी असेल तर तीच वायर जबड्यातून दहा वेळा फिरवा आणि आलेल्या आकड्याला दहाने भागा.

पहिला सराव १२ व्होल्टवर

दुचाकीची १२ व्होल्टची बॅटरी घ्या आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून १ किलोओहमचा पाव वॅटचा रेझिस्टर आणा. त्यावर तपकिरी, काळा, लाल असे पट्टे असतील आणि शेवटी सोनेरी. सोनेरीचा अर्थ किंमत पाच टक्के इकडे-तिकडे असू शकते. रेझिस्टर बॅटरीला जोडा, त्याच्या दोन टोकांवर व्होल्टेज मोजा. मग एक टोक सोडवून मध्ये मल्टिमीटर घाला आणि करंट मोजा. तुम्ही दोन मोजमापं वेगवेगळ्या वेळी घेताय खरं, पण एवढ्याशा लोडने बॅटरीचा व्होल्टेज हलत नाही, म्हणून इथे चालतं.

समजा १२.४३ व्होल्ट आणि १२.६ मिलिअँपिअर आले. १२.४३ ÷ १२.६ = ०.९८७. हे ओहम नव्हेत, किलोओहम आहेत, म्हणजे ९८७ ओहम. पाच टक्क्यांच्या आत बसलं. १२.४३ × १२.६ = १५७, आणि हे मिलिवॅट, म्हणजे ०.१५७ वॅट. व्होल्टला मिलिअँपिअरने भागलं की किलोओहम, गुणलं की मिलिवॅट, एवढं लक्षात ठेवलं तर शून्यांचे घोळ होत नाहीत.

हाच प्रयोग १०० ओहमचा रेझिस्टर घेऊन करायचं मनात आलं तर आधी कागदावर करा. १२.४ ÷ १०० = ०.१२४ अँपिअर, आणि १२.४ × ०.१२४ = १.५ वॅट. पाव वॅटचा रेझिस्टर सहापट उष्णता कशी सोसेल? तो काळा पडून जळेल. वॅट काढायचे ते याचसाठी: वस्तू टिकेल की नाही हे जोडण्याआधी कळतं.

थंड रोध आणि चालू रोध

जुना १०० वॅटचा पिवळ्या उजेडाचा बल्ब घरात पडला असेल तर त्याचा रोध मल्टिमीटरने मोजून पाहा. ४० ओहमच्या आसपास येईल. आता २३० ÷ ४० केलं तर पावणेसहा अँपिअर येतात आणि वॅट निघतात तेराशेच्या वर. बल्ब तर १०० चा आहे! मल्टिमीटर खोटं बोलत नाही. तारेचा थंड रोध तेवढाच आहे. बल्ब लागला की टंगस्टनची तार अडीच हजार अंश सेल्सिअसच्या जवळ जाते आणि तिचा रोध साधारण तेरापट होतो. चालू बल्बचं खरं गणित असं: १०० ÷ २३० = ०.४३५ अँपिअर, आणि २३० ÷ ०.४३५ = ५२९ ओहम. बल्ब बहुतेक वेळा बटण दाबताक्षणीच उडतो तो याचमुळे. पहिल्या क्षणी थंड तारेतून कितीतरी पट करंट जातो.

हीटर, इस्त्री, गीझर यांच्या कॉइल नायक्रोमच्या, म्हणजे निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूच्या, असतात. नायक्रोमचा रोध तापल्यावर फार थोडा वाढतो, काही टक्केच. म्हणून कॉइलचा थंड रोध मोजून चालू अवस्थेचा अंदाज बांधता येतो, बल्बचा येत नाही.

गीझर: पूर्ण हिशेब

१५ लिटरचा, २००० वॅटचा गीझर धरू. प्लेटवर २३० व्होल्ट, २००० वॅट असं लिहिलेलं आहे. मोजायच्या आधी प्लेटवरून काय यायला हवं ते काढा. करंट २००० ÷ २३० = ८.७ अँपिअर. रोध २३० ÷ ८.७ = २६.४ ओहम. हा तुमचा कसोटीचा आकडा.

आता प्लग सॉकेटमधून पूर्ण बाहेर काढा आणि गीझर थंड असताना प्लगच्या खालच्या दोन पिनांमध्ये ओहम मोजा. थर्मोस्टॅट चालू स्थितीत हवा, नाहीतर आतलं सर्किट तुटलेलं दिसेल. आधी मीटरच्या दोन वायरी एकमेकींना टेकवून येणारे ०.२ किंवा ०.३ ओहम वजा करायला विसरू नका. २६ ओहममध्ये तेवढ्यानेही एक टक्क्याचा फरक पडतो. २६ च्या आसपास आकडा आला तर कॉइल ठीक आहे. मीटरने ‘ओएल’ (मोजता येणार नाही इतका मोठा रोध) दाखवलं तर कॉइल तुटली आहे किंवा सेफ्टी कटआउट पडला आहे. यानंतर वरच्या जाड पिनेत आणि खालच्या प्रत्येक पिनेत मोजा. इथे ‘ओएल’च यायला हवं. काहीही आकडा दिसला तर कॉइलमधून अर्थकडे गळती सुरू झाली आहे. असा गीझर दुरुस्त होईपर्यंत लावू नका. थोड्या व्होल्टेजवर चाचणी करणाऱ्या मल्टिमीटरला बारीक गळती दिसत नाही, ती वायरमनच्या मेगरला (मोठ्या व्होल्टेजवर गळती तपासणाऱ्या मीटरला) दिसते. म्हणून इथे ‘ओएल’ येऊनही आरसीसीबी पडत असेल, तर आरसीसीबीवर विश्वास ठेवा.

कॉइल चांगली निघाली, तरी पाणी उशिरा तापतंय. मग चालू अवस्थेतली मोजमापं घ्या. गीझर बंद असताना सॉकेटवर २३१ व्होल्ट आहेत. गीझर चालू केला की वॅटमीटर दाखवतो २१६ व्होल्ट आणि ८.१ अँपिअर.

रोध: २१६ ÷ ८.१ = २६.७ ओहम. प्लेटच्या हिशेबाशी जुळला.
वॅट: २१६ × ८.१ = १७५० वॅट.

म्हणजे गीझर निर्दोष आहे आणि तरीही २००० ऐवजी १७५० वॅटच घेतोय, कारण त्याला २३० व्होल्ट मिळतच नाहीत. रोध कायम असेल तर वॅट व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतात, म्हणून थोडासा व्होल्टेज पडला तरी वॅट भराभर घटतात. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला साधारण २५१० किलोजूल लागतात. २००० वॅटवर त्याला २१ मिनिटं लागतील, १७५० वर २४ मिनिटं. गावाकडे संध्याकाळी मिळतात तसे १८० व्होल्ट मिळाले तर गीझर १२२५ वॅटवर येतो आणि तेच पाणी तापायला ३४ मिनिटं लागतात. युनिट मात्र तिन्ही वेळा जवळपास तेवढंच पडतं, ०.७ च्या आसपास, कारण वॅट कमी झाले की वेळ वाढतो. बिल तेच आणि पाणी उशिरा, असं असेल तर कॉइलवर संशय घेण्याआधी व्होल्टेज पाहा. आणि कॉइलवर क्षार बसल्यानेही वॅट बदलत नाहीत. क्षारांनी कॉइल आतून जास्त तापते आणि लवकर जाते, तो वेगळा त्रास.

गेलेले १५ व्होल्ट कुठे आहेत?

हा हिशेब मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण घराला आग लागते ती बहुधा अशाच ठिकाणी, आणि लोक तेवढाच सोडून देतात. २३१ चे २१६ झाले, म्हणजे १५ व्होल्ट वाटेत कुठेतरी खर्च झाले. त्या वाटेतूनही तोच ८.१ अँपिअरचा करंट जातोय. म्हणून वाटेचा रोध १५ ÷ ८.१ = १.८५ ओहम, आणि वाटेत जळणारी वीज १५ × ८.१ = १२१ वॅट. एवढी उष्णता वायरी आणि सांध्यांमध्ये निर्माण होतेय.

आता वाटेचे दोन तुकडे करा. गीझर चालू असतानाच वायरमनकडून मेन स्विचवर व्होल्टेज मोजून घ्या. तिथे २२७ आले. गीझर बंद असताना तिथेही २३१ होते. म्हणजे बाहेरच्या लाइनमध्ये ४ व्होल्ट पडतात आणि मेनपासून गीझरच्या सॉकेटपर्यंत ११. शेजारपाजारच्या लोडमुळे व्होल्टेज आपोआपही हलतो, म्हणून गीझर तीनदा बंद-चालू करून दर वेळी तोच फरक येतो का ते पाहा. एकाच वाचनावर निष्कर्ष काढू नका.

११ व्होल्ट जास्त आहेत की ठीक? त्यासाठी वायर किती व्होल्ट खाईल ते आधी काढावं लागेल. १ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या १ मीटर तारेचा रोध ०.०१७२ ओहम असतो. समजा मेनपासून गीझरपर्यंत १५ मीटर अंतर आहे आणि जुन्या वायरिंगमध्ये १ चौरस मिलिमीटरची वायर टाकलेली आहे. करंट जातो आणि परत येतो, म्हणून लांबी ३० मीटर धरायची. जाणं-येणं विसरणं ही इथली नेहमीची चूक. ३० × ०.०१७२ = ०.५२ ओहम, आणि ०.५२ × ८.१ = ४.२ व्होल्ट. वायरीने ४ व्होल्ट खायला हवेत, गेलेत ११. उरलेले जवळपास ७ व्होल्ट एखाद्या सैल सांध्यात, स्विचच्या काळ्या पडलेल्या टिकलीत किंवा सॉकेटच्या ढिल्या पट्टीत आहेत. ७ × ८.१ = ५७ वॅट, आणि तेही नखाएवढ्या जागेत. सोल्डरिंगच्या साध्या इस्त्रीला २५ वॅट पुरतात आणि तेवढ्यावर ती शिसं-कथील वितळवते. इथे त्याच्या दुपटीहून जास्त उष्णता प्लास्टिकच्या डबीत, भिंतीच्या आत निर्माण होतेय. एमसीबी पडणार नाही, कारण करंट ८.१ च आहे. आरसीसीबीही पडणार नाही, कारण गळती नाही. हा दोष फक्त व्होल्टेजच्या वजाबाकीत दिसतो.

तेव्हा अशा घरात कॉइल बदलून काही होणार नाही. मेन बंद करून गीझरच्या वाटेवरचा प्रत्येक सांधा वायरमनकडून उघडून घ्या, काळवंडलेली टोकं कापून नव्याने आवळून घ्या, सॉकेट बदलून घ्या. जमत असेल तर वायरही २.५ किंवा ४ चौरस मिलिमीटरची करा. २.५ च्या वायरीत याच अंतरावर ०.२१ ओहम, म्हणजे १.७ व्होल्टच जातात.

वीज मीटरच्या लुकलुकीवरून पडताळा

काढलेले वॅट बरोबर आहेत का, हे तपासायचं एक साधन घराघरांत फुकट लावलेलं आहे. डिजिटल वीज मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो. दर युनिटला तो किती वेळा लुकलुकतो ते मीटरच्या दर्शनी पट्टीवर छापलेलं असतं. ३२०० हा आकडा पुष्कळ मीटरांवर दिसतो. एक युनिट म्हणजे ३६,००,००० जूल. त्याला ३२०० ने भागलं की ११२५. म्हणजे एका लुकलुकीला ११२५ जूल. तुमच्या मीटरवर दुसरा आकडा असेल तर त्याने भागा.

घरातलं बाकी सगळं बंद करा, फ्रिजही. फक्त गीझर चालू ठेवा आणि मोबाइलच्या स्टॉपवॉचवर २० लुकलुकींचा वेळ घ्या. पहिल्या लुकलुकीला ‘शून्य’ म्हणा, ‘एक’ म्हणू नका, नाहीतर एक कमी मोजली जाते. समजा १२.२ सेकंद लागले. २० × ११२५ ÷ १२.२ = १८४४ वॅट. पण गीझर तर १७५० घेत होता! हे उरलेले ९४ वॅट म्हणजेच घरातल्या वायरीत आणि त्या सैल सांध्यात जळणारी वीज. मघाच्या हिशेबाने ती ११ × ८.१ = ८९ वॅट निघत होती. स्टॉपवॉचमध्ये एक दशांश सेकंदाची चूक झाली तरी पंधरा वॅटचा फरक पडतो, तेव्हा ८९ आणि ९४ हे आकडे एकमेकांशी जुळले असंच धरायचं. दोन वेगळ्या वाटांनी एकच उत्तर आलं की खात्रीने वायरमनला बोलवावं.

अचूकतेचा प्रश्न निघालाच आहे तर: मीटरच्या चुका भागाकारात आणि गुणाकारात दोन्हीकडे बेरजेने येतात. व्होल्टेज एक टक्क्याने आणि करंट दोन टक्क्यांनी चुकीचा असेल तर रोध आणि वॅट तीन टक्क्यांपर्यंत चुकू शकतात. म्हणून कॅल्क्युलेटरने २६.६६६६ दाखवलं तरी वहीत २६.७ लिहावं.

मोटरीला हा भागाकार लागू नाही

विहिरीवरच्या एक एचपीच्या सिंगल फेज मोटरीवर २०५ व्होल्ट आणि ७.२ अँपिअर आले असं धरू. २०५ ÷ ७.२ = २८.५. हा मोटरीच्या वायंडिंगचा रोध नव्हे. मोटर बंद करून वायंडिंग मोजलं तर दोन-चार ओहमच येतील. चालू मोटर फिरताना स्वतःही उलटा व्होल्टेज तयार करते आणि एसी करंटला कॉइलचा आणखी एक विरोध असतो, २८.५ मध्ये ते सगळं मिसळलेलं आहे.

गुणाकारही पुरता लागू नाही. २०५ × ७.२ = १४७६, पण हे व्होल्ट-अँपिअर झाले. मोटरीचा करंट व्होल्टेजच्या मागे राहतो, त्यामुळे खरे वॅट कमी असतात. मीटरच्या लुकलुकीवरून ११८० वॅट आले तर ११८० ÷ १४७६ = ०.८ हा पॉवर फॅक्टर. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, तेव्हा मोटर ११८० घेऊन फार तर तेवढं काम देते आणि उरलेली वीज उष्णतेत जाते. एलईडी बल्बचंही असंच: ९ वॅटचा स्वस्त बल्ब करंट मोजून गुणला तर पंधरा-सतरा ‘वॅट’ दाखवू शकतो, आणि ते वॅट नसतात. तीन फेजच्या मोटरीला दोन फेजमधला व्होल्टेज आणि एका वायरीतला करंट घेऊन १.७३ ने गुणायचं आणि वर पॉवर फॅक्टरने गुणायचं.

पण शेतकऱ्याने लक्षात ठेवायची गोष्ट वेगळी आहे. व्होल्टेज पडला की गीझरचा करंट कमी होतो, मोटरीचा वाढतो. पाणी उचलायचं काम तेवढंच राहतं, म्हणून कमी व्होल्टेजवर ती जास्त करंट ओढते. ७.२ चे ९ अँपिअर झाले तर वायंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गाने, म्हणजे १.५६ पट होते. ३ ओहमच्या वायंडिंगमध्ये आधी १५५ वॅट होते, आता २४३. इनॅमल करपतं, मोटर जळते, आणि रिवाइंडिंगचा खर्च हजारांत जातो. स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा भाग) प्लेटवरच्या करंटला बरोबर लावून ठेवणं हाच यावरचा उपाय. तो वारंवार पडतो म्हणून वर चढवून ठेवू नका.

विहिरीपर्यंतची वायर

मीटरपासून विहीर १०० मीटर असेल तर वायरीची लांबी धरायची २०० मीटर. २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीचा रोध २०० × ०.०१७२ ÷ २.५ = १.३८ ओहम. ७.२ अँपिअरला ९.९ व्होल्ट पडतात आणि ७१ वॅट वाटेत जातात. पैसे वाचवायला १.५ ची घेतली तर १६.५ व्होल्ट आणि ११९ वॅट; ४ ची घेतली तर ६.२ व्होल्ट आणि ४५ वॅट. ॲल्युमिनियमची वायर असेल तर ०.०१७२ च्या जागी ०.०२८२ घाला, २.५ चं ॲल्युमिनियम जवळजवळ १.५ च्या तांब्याएवढंच पडतं.

खरी परीक्षा मोटर सुरू होताना असते. त्या क्षणी करंट नेहमीच्या चार ते सहापट असतो. पाचपट धरला तर २.५ च्या वायरीतही सुमारे ५० व्होल्ट वाटेत पडतात, १.५ च्या वायरीत ८० च्या पुढे. डीपीवरून (ट्रान्सफॉर्मरवरून) २०५ च येत असतील तर १.५ च्या वायरीवर मोटरीपर्यंत सव्वाशेच पोचतात. मोटर घुमत राहते पण उचलत नाही, आणि दोष मोटर सुरू करून देणाऱ्या कपॅसिटरवर ढकलला जातो. नवा कपॅसिटर आणण्याआधी मोटरीच्या पेटीत, मोटर सुरू होत असतानाच, व्होल्टेज मोजून घ्या. तिथे तो १५० च्या खाली जात असेल तर आधी वायर जाड करा. दुकानात जाताना अंतर दुप्पट करून, प्लेटवरचा करंट घेऊन, किती व्होल्ट पडलेले चालतील ते ठरवून जा: ०.०१७२ × दुप्पट लांबी × करंट ÷ चालणारे व्होल्ट = वायरीची जाडी चौरस मिलिमीटरमध्ये. १०० मीटरवर, ७.२ अँपिअरला, ७ व्होल्टच पडू द्यायचे तर ३.५ येतात. बाजारात ३.५ मिळत नाही, ४ ची घ्या.